सिंधूचे पाणी आणि शेजारधर्म

इंग्रजीत प्रतिस्पर्ध्याला ‘रायव्हल’ म्हणतात. हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ ‘एकाच ओढ्याचे पाणी वापरणारा’ असा आहे. सिंधूच्या खोऱ्याचा अलीकडचा इतिहास या व्युत्पत्तीची साक्ष देतो.

१९४७ च्या फाळणीने पंजाब दुभंगला. कालव्यांचे जाळे मात्र एकच राहिले. माधोपूर व फिरोजपूर येथील कालव्यांची मुखे भारतात राहिली आणि त्यांवर भिजणारी पुष्कळ शेते पाकिस्तानात गेली. तात्पुरता करार संपताच १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाणी थांबविले. मे महिन्यात समझोता होऊन ते पुन्हा सुरू झाले, पण अविश्वास कायमचा रुजला.

१९५१ साली डेव्हिड लिलिएन्थाल या अमेरिकी प्रशासकाने संपूर्ण खोऱ्याचा संयुक्त विकास सुचविला. तेवढा परस्परविश्वास उभयपक्षी नव्हता. म्हणून जागतिक बँकेने १९५४ मध्ये नद्यांचीच वाटणी पुढे मांडली. अखेर १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत पंडित नेहरू व अयूबखान यांनी करारावर स्वाक्षऱ्या केल्या. रावी, बियास व सतलज भारताकडे आल्या. सिंधू, झेलम व चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे गेल्या. या पश्चिमेकडील नद्यांवर भारताला मर्यादित शेती व वाहत्या प्रवाहावरील वीजनिर्मिती यांची मुभा मिळाली.

तथापि करार टिकला तो केवळ वाटणीमुळे नव्हे. प्रत्येक देशाचा एक आयुक्त असलेला स्थायी आयोग नेमला गेला. प्रवाहाचे आकडे दरमहा द्यावेत, नव्या प्रकल्पाची आगाऊ सूचना द्यावी, वर्षातून एकदा तरी भेटावे, असे ठरले. आयोगात न मिटलेला वाद तटस्थ तज्ज्ञाकडे वा लवादाकडे जाई. बगलिहारचा निर्णय २००७ मध्ये, किशनगंगेचा २०१३ मध्ये असाच लागला. १९६५ व १९७१ च्या युद्धांतही करार मोडला नाही.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने करार स्थगित केल्याचे जाहीर केले. निरपराधांचे रक्त सांडत असता नेहमीचा व्यवहार कसा चालावा, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु हिमनद्यांचे वितळणे आणि महापूर कोणाच्या स्थगितीची वाट पाहत नाहीत. हवामानबदलाचा तर १९६० च्या करारात उल्लेखही नाही. उद्या जो करार होईल, त्याला नवे प्रश्न विचारात घ्यावेच लागतील. पण प्रवाह मोजणे आणि तो आकडा पलीकडच्याला खरा सांगणे, या जुन्या शेजारधर्मापासूनच त्याचा आरंभ करावा लागेल.