शिकाऊ उमेदवारी : करारावर सही करण्यापूर्वी

दहावीचा निकाल लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील धर्मग्रामांच्या कार्यालयांत पालकांची ये-जा वाढते. अमुक कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून धर्मगुरूंकडून शिफारसपत्र हवे असते. आयटीआयसाठी किंवा एखाद्या कारखान्यातील उमेदवारीसाठी चौकशी करणारे पालक मात्र विरळाच. ज्याला पंचेचाळीस-पन्नास टक्के गुण पडले, त्याच्यासाठी 'कुठेतरी चिकटवून टाका' एवढीच विनंती असते. हे 'कुठेतरी चिकटवणे' आणि कायद्याने मान्य केलेली शिकाऊ उमेदवारी या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. तो भेद पालकांच्या ध्यानी यावा, यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत.

शिक्षण आणि काम यांची सांगड घालण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. महात्मा गांधींनी 1937 साली वर्धा येथे 'नई तालीम'ची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने (1964-66) कार्यानुभवाचा आग्रह धरला आणि तो विषय आपल्या शाळांच्या वेळापत्रकात आलाही. पण बहुतेक ठिकाणी त्याचे रूपांतर कागदी फुले आणि खडूच्या पेट्या बनविण्यात झाले. त्याला सन्माननीय अपवाद म्हणजे पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली तो स्थापन केला. तेथे शिकणारी मुले वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती ही कामे हातांनी करतात आणि गावाला सेवा पुरवतात. त्यातूनच 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय राज्यातील माध्यमिक शाळांत पोहोचला. अकरावी-बारावीसाठी किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम 1980 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावे, असे सुचविले आहे. सूचना चांगली आहे. ती कार्यानुभवाच्या वाटेने जाऊ नये, एवढीच आमची इच्छा.

आपल्या परिसरात या शिक्षणाला अनुकूल अशी भूमी फार पूर्वी तयार झाली होती. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1 ऑगस्ट 1962 रोजी झाली आणि त्याचा आरंभच ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून झाला. पुढे डोंबिवली, अंबरनाथ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. ठाणे, उल्हासनगर, अंबरनाथ येथील शासकीय आयटीआयमधून फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन तयार होऊ लागले. वागळे इस्टेटमधील अनेक कारखान्यांच्या जागी आता संगणक कंपन्यांच्या इमारती दिसतात हे खरे. तरीही कुशल कामगाराची गरज संपलेली नाही. लिफ्ट, वातानुकूलन यंत्रणा, मेट्रोची कामे, रुग्णालयातील उपकरणे ही सारी कोणाच्या तरी हातांवरच चालतात.

आता कायद्याकडे वळू. शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा 1961 सालचा आहे. 1973 साली त्यात पदवी व पदविकाधारकांचा आणि 1986 साली बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचा समावेश झाला. 2014 साली त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. 2019 च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक ठरले. त्याच वर्षी विद्यावेतनाचे किमान दरही वाढविण्यात आले. पाचवी ते नववीपर्यंत शिकलेल्यास दरमहा 5,000 रुपये, दहावी उत्तीर्णास 6,000, बारावी किंवा आयटीआय उत्तीर्णास 7,000, पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 9,000 असे ते दर होते. मालक याहून अधिक देऊ शकतो, कमी नव्हे.

या कायद्याचा गाभा म्हणजे करार. उमेदवार आणि मालक यांच्यात लेखी करार व्हावा लागतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. उमेदवार अज्ञान असेल, तर त्याच्या वतीने पालक सही करतो. उमेदवाराचे किमान वय चौदा असावे लागते. धोकादायक उद्योगांसाठी मात्र अठरा. प्रशिक्षण अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून उमेदवाराला जादा तास राबविता येत नाही. काम करताना इजा झाली तर नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी मालकावर असते. कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी असतो. म्हणूनच प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. पालकांची येथे सर्वाधिक निराशा होते, म्हणून हे आधीच माहीत असलेले बरे.

करार नसेल तर काय होते, हे आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना वेगळे सांगायला नको. मुलगा ओळखीच्या गॅरेजमध्ये वा वर्कशॉपमध्ये 'शिकायला' म्हणून जातो. पहिले वर्ष चहा आणण्यात आणि झाडू मारण्यात जाते. दुसऱ्या वर्षी तो काम करू लागतो, पण मोबदला हातखर्चापुरताच राहतो. तीन वर्षांनी तो चांगला कारागीर झालेला असतो; तथापि ते सिद्ध करणारा एकही कागद त्याच्यापाशी नसतो. बोटे यंत्रात सापडली, तर उपचारांचा खर्च घरच्यांवर. मालक नेहमीच वाईट असतो असे नाही. पुष्कळदा तो आपल्याच समाजातील, भला गृहस्थ असतो. पण भलेपणाची नोंदणी होत नाही.

डोंबिवलीच्या पालकांनी तर अधिकच सावध असावे. 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी तेथील औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखान्यांमध्ये झालेले भीषण स्फोट कोणी विसरलेले नाही. 2016 च्या बालकामगारविषयक कायद्यातील दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही (घरच्या व्यवसायात शाळेनंतरची मदत एवढाच मुख्य अपवाद) आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना ज्वलनशील पदार्थ, स्फोटके व धोकादायक प्रक्रिया यांच्याजवळ कामाला लावता येत नाही. सुट्टीत चार पैसे मिळतात म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला रसायनांची पिंपे हलवायला पाठविणे हा मालकाचा गुन्हा आहेच. घरातील वडीलधाऱ्यांनीही तेथे 'नाही' म्हटले पाहिजे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात या विषयाला एक विलक्षण दस्तऐवज लाभला आहे. 8 फेब्रुवारी 1852 रोजी इटलीतील तुरीन शहरात एका सुतारमालकाने जुझेप्पे ओदास्सो नावाच्या तरुणाला शिकाऊ म्हणून घेतले. तो करार मुद्रांकित कागदावर झाला आणि तो घडवून आणणारे होते संत जॉन बॉस्को. मुलाचे वडीलही करारात सामील होते. मालकाने मुलाला त्याच्या कसबाशी संबंध नसलेली कामे सांगू नयेत, चुकल्यास शब्दांनी सुधारावे, मारू नये, सणाच्या दिवशी मोकळीक द्यावी, अशा अटी त्यात होत्या. घरगडी म्हणून राबविली जाणारी मुले डॉन बॉस्को रोज पाहत होते. केवळ उपदेशाने भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. पुढे 1891 साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात, शरीर व मन पुरेसे विकसित होण्यापूर्वी मुलांना कारखान्यात धाडू नये, असे बजावले. कुर्ल्याचे डॉन बॉस्को, वांद्रे व वाशी येथील फादर आग्नेल यांच्या तंत्रशिक्षण संस्था त्याच वाटेवरच्या आहेत.

अमेरिकेतील एक प्रयोगही जाणून घेण्यासारखा आहे. शिकागो शहरात येशूसंघीय धर्मगुरूंनी 1996 साली क्रिस्तो रे हे हायस्कूल गरीब वस्तीतील मुलांसाठी सुरू केले. चार-पाच विद्यार्थी मिळून कार्यालयातील एक पूर्णवेळ जागा आळीपाळीने सांभाळतात. प्रत्येकजण महिन्यातून सुमारे पाच दिवस कामावर जातो आणि त्या कमाईतून फीचा मोठा भाग भागतो. ही पद्धत येथे जशीच्या तशी आणता येईल असे आम्हांस वाटत नाही. तेथे काम शोधणे, मुलांना पोहोचविणे, देखरेख ठेवणे हे सारे शाळाच करते. आपल्या शाळांकडे तेवढे मनुष्यबळ नाही.

आपल्या दाराशी असलेली मोठी संधी मात्र रेल्वेची आहे. मध्य रेल्वे दरवर्षी शिकाऊ उमेदवारांची भरती करते. 2024 च्या जाहिरातीत सर्व विभाग मिळून 2,424 जागा होत्या. कल्याणची डिझेल व विद्युत इंजिन शेड, कुर्ला शेड, परळ व माटुंगा कार्यशाळा ही सारी केंद्रे लोकलच्या अंतरावर आहेत. त्यासाठी दहावीला किमान 50 टक्के गुण, संबंधित व्यवसायातील आयटीआय प्रमाणपत्र आणि 15 ते 24 वर्षे वय अशी अट होती. लेखी परीक्षा नव्हती. दहावी व आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवरून निवड झाली. प्रशिक्षण एक वर्षाचे. त्यानंतर नोकरीची हमी नसते. परंतु रेल्वेत असे प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी पहिल्या स्तराच्या थेट भरतीत 20 टक्के जागांची तरतूद करण्यात आली आहे. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाचा मार्गही आहे. म्हणजे आयटीआयला गेलेल्या मुलाचे शिक्षण तेथेच खुंटते, ही समजूत खरी नव्हे.

राज्य शासनाने 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. ती 18 ते 35 वयोगटासाठी होती आणि बारावी उत्तीर्णास 6,000, आयटीआय वा पदविकाधारकास 8,000 व पदवीधरास 10,000 रुपये असे मासिक विद्यावेतन ठरले. ही उमेदवारी कायद्याखालील नव्हे, वेगळी योजना आहे; दोन्हींची गल्लत करू नये.

करार समोर आला की पालकांनी काही गोष्टी स्वतः वाचाव्यात : व्यवसायाचे नाव, प्रशिक्षणाचा काळ, विद्यावेतनाचा आकडा, नोंदणी क्रमांक आणि शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राची परीक्षा आहे की नाही. विद्यावेतन रोखीने न घेता मुलाच्या बँक खात्यात जमा होईल असे पाहावे. कराराची प्रत घरी ठेवावी. मजकूर इंग्रजीत असल्याने अडचण वाटली, तर आपल्या धर्मग्रामातील एखाद्या निवृत्त कारखाना अधिकाऱ्याला वा शिक्षकाला रविवारच्या मिस्सानंतर गाठावे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रत्येक धर्मग्रामात अशी दोन-चार माणसे सापडतातच. रेल्वेची जाहिरात गेल्या काही वर्षांत जुलै-ऑगस्टच्या सुमारास येते आणि अर्जाची मुदत साधारण महिनाभर असते. तेव्हा आयटीआयची गुणपत्रिका, दहावीचे प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जातीचा दाखला पावसाळ्यापूर्वीच तयार ठेवावा.