मंदीची दहा वर्षे आणि यवतमाळचा बाजार
१९२९ ते १९३९ : कापूस स्वस्त झाला, पैसा महाग झाला

दुष्काळ आणि मंदी या दोन संकटांत फरक काय? दुष्काळात धान्य नसते आणि भाव आभाळाला भिडतात. मंदीत मात्र कोठारात ज्वारी असते, अंगणात कापसाचा ढीग असतो, पण खिशात पैसा नसतो. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाडाला पहिला अनुभव दिला, तर १९२९ नंतरच्या दहा वर्षांनी दुसरा. यवतमाळ जिल्ह्यातील दुकानदार आणि कारागीर बांधवांनी हा दुसरा अनुभव नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपला धंदा आजही बऱ्याच अंशी कापसाच्या भावावर उभा आहे.

न्यूयॉर्कचा धक्का यवतमाळला कसा बसला?

२४ ऑक्टोबर १९२९ रोजी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळू लागला. आपल्याकडे हे दिवस कापसाचा हंगाम सुरू होण्याचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणीचा कापूस बाजारात येऊ लागतो आणि वर्षभराच्या उधारीचा हिशेब त्यावर होतो.

यवतमाळचा कापूस जिनात सरकी काढून, प्रेसमध्ये गठाणी बांधून, पुढे 'शकुंतला' नावाने ओळखल्या गेलेल्या छोट्या रेल्वेने मूर्तिजापूरला जाई आणि तेथून मुंबईला. मुंबईच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला 'उमरा' म्हणत. हे नाव उमरावती म्हणजे अमरावतीवरून पडले. हा आखूड धाग्याचा कापूस, आणि त्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे जपान. परदेशी गिरण्यांची मागणी आटली की मुंबईचा दलाल भाव पाडणार, मग यवतमाळचा अडत्या पाडणार आणि शेवटी मार कास्तकाराला.

कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक (१९१४ चा भाव १०० धरून) १९२९ मध्ये १४१ होता. १९३१ मध्ये तो ९६ वर आणि १९३३ मध्ये ८७ वर आला. त्यातही शेतमालाचे भाव इतर मालापेक्षा जास्त घसरले.

त्यातच १९२७ च्या कायद्याने रुपयाचा दर दीड शिलिंग ठरवला गेला होता. रुपया महाग ठेवल्यामुळे परदेशात माल विकणाऱ्याच्या हाती कमी रुपये पडत. व्यापाऱ्यांनी आणि राष्ट्रीय नेत्यांनी याविरुद्ध सतत ओरड केली, पण दर बदलला नाही.

भाव निम्मा, कर्ज तेवढेच

मंदीचे खरे दुखणे येथे आहे. समजा, एका कास्तकाराला सारा आणि व्याज मिळून १०० रुपये भरायचे आहेत. पूर्वी दहा मण कापूस विकून ते भागत होते. भाव निम्मा झाला की त्याच १०० रुपयांसाठी वीस मण लागणार. पीक तेवढेच, सरकारचा सारा तेवढाच, सावकाराचा आकडा तेवढाच. कागदावर कर्ज वाढले नाही, पण कापसाच्या मापाने ते दुप्पट झाले.

वऱ्हाडात रयतवारी पद्धत असल्याने खातेदार आपली जमीन गहाण ठेवू शकत होता, विकूही शकत होता. तेजीत या हक्कामुळे कर्ज सहज मिळे, मंदीत त्याच हक्काने जमीन हातची जाई. मध्यप्रांत सरकारला १९३३ साली कर्ज-तडजोडीचा कायदा करावा लागला. ऋणको आणि सावकाराला मंडळासमोर बसवून रक्कम कमी करायची आणि हप्ते पाडून द्यायचे, अशी ही व्यवस्था होती. सगळे बुडण्यापेक्षा थोडे सोडलेले बरे, हे सावकारालाही पटू लागले होते.

याच काळात, १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह सुरू केला आणि राखीव जंगलातले गवत कापून कायदा मोडला. लढा स्वराज्याचा होता. पण ज्याच्या हाती रोख पैसा उरला नव्हता, त्याला गुरांच्या चाऱ्यावरील सरकारी निर्बंध किती बोचत असतील हे सांगायला नको.

घरातले सोने बाजारात

सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडले. त्याबरोबर सोन्याचा भाव चढला. एकीकडे भाव चांगला, दुसरीकडे घरात तंगी. मग देशभरातील घरांमधून दागिने निघाले, सराफाच्या मुशीत वितळले आणि मुंबईहून जहाजाने परदेशी गेले. १९३१ ते १९३८ या काळात ३०० कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेले. यातले बरेचसे अडचणीमुळे विकलेले होते.

पण गरिबाच्या घरात सोने कुठून असणार? त्याची शिल्लक म्हणजे चांदीचे तोडे आणि वाळे. चांदीचा भाव तर जगभर पडला होता. म्हणजे सोने असलेल्याला निदान आधार मिळाला. चांदी असलेल्याने ती विकली तेव्हा हाती फारसे काही आले नाही.

कारागिराच्या पोटावर पाय

कास्तकाराचा हात आखडला की गावातला प्रत्येक धंदा आखडतो. लग्न पुढे ढकलले तर मनियाराच्या बांगड्या, रंगाऱ्याचे लुगडे, शिंप्याची शिलाई, अत्ताराची शिशी हे सगळे थांबते. पिंजाऱ्याला नव्या गादीऐवजी जुनाच कापूस पिंजून देण्याचे काम उरते. मजुरी कमी, आणि तीही कित्येकदा ज्वारीत.

त्यातच डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णचलन सोडले, येन स्वस्त झाला आणि जपानी कापड, नकली रेशीम, काचेचा माल अगदी थोड्या किमतीत येऊ लागला. गिऱ्हाईक खूश, विणकर हवालदिल. सरकारने जून १९३३ मध्ये परदेशी (ब्रिटिश सोडून) सुती कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली. तेव्हा जपानी गिरण्यांनी आपला कापूसच घेणे थांबवले! विणकराला वाचवायला गेले तर कास्तकार बुडू लागला.

शेवटी जानेवारी १९३४ मध्ये समझोता झाला. जपानने १० लाख गठाणी कापूस घ्यावा आणि ३२५ दशलक्ष वार कापड पाठवावे. १५ लाख गठाणी घेतल्या तर कापड ४०० दशलक्ष वारांपर्यंत. यवतमाळचा कास्तकार आणि मालेगाव-कामठीचा मोमीन विणकर एकाच तराजूच्या दोन पारड्यांत कसे बसले होते, हे या करारावरून स्पष्ट दिसते.

सगळेच मात्र बुडाले नाहीत. ज्यांचा पगार ठरलेला होता, त्या शिक्षक, कारकून, रेल्वे नोकरांना स्वस्ताईचा फायदा झाला. आणि करमणूकही थांबली नाही. 'आलमआरा' हा पहिला बोलपट १९३१ चा आणि 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, म्हणजे ऐन मंदीतले.

युद्धाने काय केले?

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि भाव चढले. अनेकांना वाटले, सुटलो! पण डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक एका रात्रीत गेले. कापूस पडून राहिला, कापड मात्र महागले. १९४३ मध्ये कापडावर सरकारी नियंत्रण आले. विकायला गेले तर मंदी, घ्यायला गेले तर महागाई, अशी दुहेरी कात्री लागली.

आपण काय शिकावे?

एक, तेजीत घेतलेले कर्ज मंदीत फेडावे लागते. कर्जाचा आकडा आजच्या भावाने नव्हे, पडत्या भावाने मोजून पाहावा.

दोन, सगळी उधारी कापसाच्या हंगामावर ठेवू नये. काही गिऱ्हाईक पगारदार आणि रोखीचे असावे.

तीन, एका मालाला एकच गिऱ्हाईक असणे धोक्याचे. हे कापसाला लागू पडते तसे तुमच्या-आमच्या मालालाही.

चार, बुडती उधारी कोर्टकचेरीत नेण्याआधी सामोपचाराने बसून हप्ते पाडावेत. ज्याचे गिऱ्हाईक उभे राहिले, त्याचेच दुकान उभे राहते.

शंभर वर्षे होत आली, तरी यवतमाळ कापसाचाच जिल्हा आहे आणि येथील कास्तकाराच्या कर्जाची कहाणी देशभर ठाऊक आहे. तो उभा राहिला तरच आपल्या दुकानाला बरकत आहे. त्याची मंदी ती आपली मंदी, हे ध्यानात ठेवूनच यंदाचे खाते उघडावे.