पाण्याची फेरी (६) : शिल्लक आणि उलाढाल

जलचक्राचं शाळेतलं चित्र सगळ्यांना आठवतं. समुद्र, वर जाणारे बाण, ढग, डोंगर, नदी. त्या चित्रात वेळ मात्र कुठे दाखवलेला नसतो. या घडीला साऱ्या जगाच्या हवेत असलेली वाफ एकदम खाली आली आणि सारखी पसरली, तर पाणी जेमतेम २५ मिलिमीटर भरेल. वर्षाचा जागतिक सरासरी पाऊस मात्र सुमारे १००० मिलिमीटर. म्हणजे हवा वर्षातून चाळीसेक वेळा रिकामी होते आणि पुन्हा भरते. वाफेचा मुक्काम सरासरी नऊ दिवसांचा. एसटी स्टँडसारखंच म्हणा ना, गर्दी कायम, माणसं बदलती.

आता हवा तापली की काय होतं? याचं गणित वाफेच्या इंजिनांच्या काळातलं आहे. फ्रेंच अभियंता क्लॅपेरॉन आणि जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियस यांनी १८३४ ते १८५० या काळात ते मांडलं. त्यानुसार तापमान एका अंशाने वाढलं की हवेत मावणारी वाफ सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. वाफ स्वतःही उष्णता अडवते, त्यामुळे तापमान आणखी चढतं. तो भाग मागे येऊन गेला आहे.

मग पाऊसही ७ टक्क्यांनी वाढायला हवा. तसं होत नाही. साऱ्या पृथ्वीचा मिळून पाऊस अंशामागे दोन-तीन टक्केच वाढतो. इथे जरा थांबू, कारण खरी मेख इथेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण पाऊण युनिट विजेएवढी उष्णता लागते. ढगात त्याच वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती सगळी उष्णता वरच्या हवेत मोकळी होते. ती अवकाशात निघून गेल्याशिवाय पुढचा पाऊस पडायला वाव मिळत नाही, आणि हवेचा उष्णता बाहेर टाकण्याचा वेग काही अंशामागे ७ टक्क्यांनी वाढत नाही. दुकानदाराच्या भाषेत, शिल्लक भराभर वाढली, उलाढाल मात्र रेंगाळली. वाफेचा मुक्काम लांबला.

पण एखाद्या ठिकाणी ढग एकदा कोसळू लागला की तो हा जागतिक हिशेब बघत नाही. आसपासची सगळी वाफ ओढून घेतो आणि तीही आता जास्त असते. म्हणून जोरदार सर अधिक जोरदार होते. एकूण बेरीज फारशी वाढायची नाही म्हटल्यावर कात्री लागते ती मधल्या, मध्यम पावसाला. आपल्याकडे हे नोंदींत दिसलं आहे. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताच्या १९५१ ते २००० या काळातल्या नोंदी तपासून दाखवलं, की मोसमी पावसाची सरासरी फारशी बदललेली नाही, पण अतिवृष्टीच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या.

इथे कुणालाही २६ जुलै २००५ आठवेल. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. त्या एका दिवसाचं खापर थेट तापमानवाढीवर फोडणं मला पटत नाही. अरबी समुद्राकाठी असे ढग पूर्वीही फुटायचे. बदलतंय ते असे दिवस किती वेळा यावेत, याचं प्रमाण.

‘पावसाने सरासरी गाठली’ ही बातमी वाचून म्हणूनच मला फारसं हायसं वाटत नाही. मराठवाड्यात ज्याला झड म्हणतात, ती चार-सहा दिवस चालणारी, हळूहळू मुरणारी रिपरिप हीच मध्यम पावसाची खरी ओळख. विहिरीला पाझर तिनेच फुटतो. तेवढंच पाणी दोन तासांत पडलं तर काळी जमीन वरून चिकट होते आणि उरलेलं पाणी माती घेऊन ओढ्याला लागतं. शिवाय दोन पावसांमधला खंड लांबतो आणि तापलेली हवा त्या काळात रानातली ओल जास्त शोषून घेते. एकाच खरिपात आधी शेत खरवडून निघतं आणि पुढे तेच शेत तडकतं, तरी पर्जन्यमापकाची बेरीज पूर्ण भरते.

वेधशाळा २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरते. आपल्या तालुक्याच्या नोंदी मिळाल्या तर एकूण मिलिमीटर बाजूला ठेवून हे दिवस मोजून पाहा. पुढच्या आठवड्यात जमिनीखाली उतरू : वाफसा म्हणजे नेमकं काय, आणि दख्खनचा काळा पाषाण पाणी धरतो तरी किती.