श्वासनलिकेवरील रक्तवाहिनीचा दाब : शिक्षकांनी ओळखावयाची लक्षणे

वर्गातील एखादे मूल श्वास घेताना घरघरते, वरचेवर खोकते व खेळाच्या तासाला लवकर दमते. अशा मुलास ‘दमेकरी’ अथवा ‘आळशी’ ठरवून आपण मोकळे होतो. क्वचित् मात्र या त्रासाचे मूळ हृदयाजवळील रक्तवाहिन्यांत असते.

छातीत श्वासनलिका व तिच्यामागे अन्ननलिका असते. हृदयातून निघणारी महारोहिणी कमानीसारखी वळून बहुधा त्यांच्या डाव्या बाजूने खाली उतरते. गर्भावस्थेच्या आरंभी अशा कमानी दोन्ही बाजूंस असतात. पुढे उजवीकडील कमान लोप पावते. ती तशीच राहिल्यास दोन्ही नळ्यांभोवती जणू कडेच पडते. इतर काही जन्मजात हृदयविकारांत फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी फुगून श्वासनलिकेच्या शाखांवर दाब पडतो.

दम्याचा त्रास येतो व जातो. येथे आवाज बहुधा तान्हेपणापासून असतो. सर्दीत व धावल्यावर तो वाढतो. खोकला भुंकल्यासारखा येतो, छातीचे आजार वारंवार होतात आणि दम्याच्या औषधाने फारसा उतार पडत नाही. मध्यान्ह भोजनाच्या वेळी भाकरीचा घास गिळण्यास मुलास कष्ट पडतात, हेही लक्षण शिक्षकांच्या सहज नजरेस येण्याजोगे आहे.

हा विकार असाध्य नाही. बॉस्टन येथील शल्यविशारद डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४५ साली असे कडे शस्त्रक्रियेने तोडल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आज सी. टी. स्कॅनने दाबाची जागा नेमकी कळते. दीर्घकाळ दबलेली श्वासनलिका मऊ राहत असल्याने शस्त्रक्रियेनंतरही काही महिने आवाज येऊ शकतो. म्हणून पालकांनी धीर सोडू नये.

शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

(१) रोगनिदान स्वतः करू नये. आढळलेली लक्षणे तारखेनिशी टिपून ठेवावीत.

(२) पालकांस विश्वासात घेऊन मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येताच ती टिपणे त्यास दाखवावीत.

(३) तपासणी होईपर्यंत मुलास धावण्याची सक्ती करू नये. जेवणास पुरेसा वेळ द्यावा.

(४) ओठ निळसर झाल्यास किंवा श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या गेल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी.

मुलाच्या श्वासाचा आवाज शिक्षकाच्या कानी रोजच पडतो. तो वेळीच ओळखल्यास त्या मुलाचे बालपण सुखाचे होईल.