सायलेन्सरच्या तोंडाशी चार आकडे

भुसावळकडून येताना दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या फार लांबून दिसतात. औष्णिक वीज केंद्रांनी चिमणीवर अखंड मोजणी करणारी यंत्रं बसवावीत, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये बजावलं. त्याच चिमण्यांच्या पायथ्याशी महामार्गावर एमएच-१९ पाटीच्या जुन्या पेट्रोल गाड्या धावतात. त्यांचा धूर तपासणारं यंत्र टेबलावर मावतं. लोक त्याला पीयूसीचं मशीन म्हणतात आणि त्याच्याकडून फक्त कागद घेऊन जातात. खरं तर ते रोगाचं निदान करणारं यंत्र आहे, आणि आपण त्याला शिक्का मारायला बसवलंय.

त्याचं काम असं चालतं. प्रोब सायलेन्सरच्या नळीत हातभर आत जातो. पंप धूर ओढतो, वाटीत पाणी वेगळं होतं, फिल्टरमध्ये काजळी अडकते आणि कोरडा वायू एका छोट्या कोठीत येतो. कोठीच्या एका टोकाला अवरक्त प्रकाशाचा दिवा, दुसऱ्या टोकाला संवेदक. कार्बन मोनॉक्साइड सुमारे ४.७ मायक्रॉनचा प्रकाश गिळतो, कार्बन डायऑक्साइड ४.३ च्या आसपासचा, आणि न जळलेलं पेट्रोल, म्हणजे हायड्रोकार्बन, ३.४ च्या आसपासचा. जितका प्रकाश कमी पोचला, तितका तो वायू जास्त. ऑक्सिजन या प्रकाशाला दाद देत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळा रासायनिक सेल असतो. हा सेल वापरला नाही तरी आपोआप झिजतो आणि काही वर्षांनी बदलावाच लागतो. पीयूसीच्या यंत्रांना मान्यता देण्याचं काम पुण्याची एआरएआय ही संस्था करते. यंत्र मात्र ठरावीक काळाने ओळखीच्या वायूवर ताडून पाहिलं नाही, तर मान्यतेचा उपयोग नाही.

नियम थोडक्यात सांगतो. भारत स्टेज दोनच्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं. त्यानंतरच्या गाड्यांना ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम, भारत स्टेज चारला ०.३ आणि २००. हायवेवर अजून दिसणारी कार्बोरेटरवाली मारुती ८०० पहिल्या गटातली. १९८३ च्या डिसेंबरात आलेली ही ७९६ सीसीची तीन सिलेंडरांची गाडी २०१० मध्ये तेरा शहरांत विकणं बंद झालं, पण आपल्याकडे ती २०१४ पर्यंत मिळत राहिली. तिचे दोन पिढ्यांचे नमुने, कार्बोरेटरचे आणि इंजेक्शनचे, खानदेशात अजून भरपूर आहेत.

आता निदान. समजा अशा एका कार्बोरेटरवाल्या ८०० चे आकडे आले: मोनॉक्साइड ६ टक्के, हायड्रोकार्बन ४५०, डायऑक्साइड ११, ऑक्सिजन अर्धा टक्का. ऑक्सिजन संपलाय, मोनॉक्साइड भरपूर. म्हणजे मिक्श्चर रिच आहे, पेट्रोल जास्त आणि हवा कमी. हायड्रोकार्बन फार चढलेलं नाही, म्हणजे प्लग पेटतायत. शोध इथून पेट्रोलच्या वाटेने घ्यायचा: चोकची केबल परत येते का, एअर फिल्टर तुंबलाय का, नीडल व्हॉल्व्ह झिजून पेट्रोल थांबत नाही का, जेट कुणी सुईने मोठं केलंय का. काही जुन्या कार्बोरेटरमध्ये पितळी फ्लोट असतो. तो काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं, की फ्लोटला सुईच्या टोकाएवढं भोक पडलंय. तो जड होऊन बुडतो, पेट्रोलची पातळी वर जाते आणि गाडी महिनोन्महिने काळा धूर ओकत राहते. गरम पाण्यात धरला की नेमक्या जागेतून बुडबुडे येतात. हे काम उघड्यावर, जाळापासून लांब करायचं.

दुसऱ्या गाडीत मोनॉक्साइड अर्धा टक्का, हायड्रोकार्बन २००० आणि ऑक्सिजन ५ टक्के. पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर येतायत, म्हणजे गाडी मिस मारतेय. इथे कार्बोरेटरला हात लावणं चूक. प्लग, वायर, पॉइंटची गॅप, टॅपेट आणि मॅनिफोल्डमधून शिरणारी चोरटी हवा हे क्रमाने बघायचं. तीन सिलेंडरांच्या इंजिनात एक पेटलं नाही, तर आलेल्या मालाचा तिसरा हिस्सा तसाच बाहेर पडतो.

खानदेशात या यादीत आणखी काही भर पडते. भुसावळचा मे महिना ४५ अंशांना सहज भिडतो. २५ अंशांच्या मानाने त्या हवेची घनता सहा टक्क्यांनी कमी असते, म्हणून कार्बोरेटर आपोआप थोडा रिच होतो. एअर फिल्टरवर काळ्या मातीची धूळ बसते, आणि दीपनगर पट्ट्यात राखेचीही. पण सगळ्यात नुकसान करणारी सवय म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. गाडी गरम होते म्हणून मिस्त्री तो फेकून देतात. इंजेक्शनच्या गाडीत मग पाणी पुरेसं तापत नाही, कॉम्प्युटरला इंजिन गार वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतच राहतो. मोनॉक्साइड चढतो, मायलेज घसरतं आणि दोष सेन्सरला दिला जातो. माझ्या मते उष्ण भागात मिस्त्रींना शिकवायची पहिली गोष्ट हीच: गाडी गरम होत असेल तर रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट काढू नका.

इंजिन ऑइलही बघावं. रिच चाललेल्या गाडीचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि त्याच्या वाफा पीसीव्हीच्या नळीतून परत इंजिनात जातात. ती नळी तात्पुरती काढल्यावर मोनॉक्साइड उतरला, तर ऑइल बदलायचं.

आता फसवणुकीचं. सायलेन्सरला भोक असेल, तर आयडलवर बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन वाढतो आणि बाकी आकडे खोटेच सुधारतात. मोनॉक्साइड आणि डायऑक्साइडची बेरीज फारच कमी आली, की आधी भोक शोधावं. प्रोब अर्धवट घातला तरी हेच होतं. तिसरा प्रकार मिक्श्चर स्क्रूचा. आयडलचा स्क्रू आवळून त्या एका मिनिटापुरता आकडा बसवता येतो, कागदही मिळतो. पण रस्त्यावर गाडी मिस मारते, गिऱ्हाईक तक्रार करतं आणि स्क्रू पुन्हा उघडतो. अशी ‘पास’ झालेली गाडी नापास गाडीपेक्षा वाईट, कारण तिचा दोष आता कुणी शोधणार नाही. त्यात इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर पडते. साध्या पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे १३.५ पट. न जुळवलेला कार्बोरेटर त्यावर लीन चालतो, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, मोनॉक्साइड उतरतो आणि मूळचा दोष झाकला जातो.

म्हणून जुन्या गाडीच्या मालकांना एक विनंती. पुढच्या वेळी इंजिन पूर्ण तापवून, चोक बंद करूनच तपासणीला उभे राहा. पडद्यावरचे चारही आकडे लिहून घ्या आणि मिस्त्रीकडे न्या. दुरुस्तीनंतर त्याच मशीनवर पुन्हा मोजा. मिस्त्री आकडे न बघताच स्क्रूला हात घालत असेल, तर गाडी दुसरीकडे न्या.