जुनी नाव आणि नवी शर्यत

एखादी जुनी वस्तु दुरुस्त करावयाची म्हणजे नेमकें काय करावयाचें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. देवघरांतील समई घासूनपुसून लख्ख केली कीं तिचें काम झालें. सतारीला नव्या तारा चढविल्या म्हणून तिला कोणी नवी सतार म्हणत नाहीं. परंतु जी वस्तु वारंवार स्पर्धेंत उतरावयाची, तिचें काय? ती होती तशीच ठेवली तर मागें पडते, आणि काळाबरोबर सगळीच बदलली तर ती तीच राहत नाहीं. शर्यतीच्या लहानशा लांकडी नावेच्या बाबतींत हा पेंच फार स्पष्टपणें दिसून येतो.

अशा नावेला इंग्रजींत डिंगी म्हणतात. हा शब्द मूळचा आपल्याच देशांतला. हिंदी-बंगालींतील लहान होडीचें हें नांव इंग्रज दर्यावर्दी आपल्याबरोबर घेऊन गेले आणि पुढें एकदोन माणसांनीं हांकावयाच्या उघड्या शिडाच्या होडीला तें कायमचें चिकटलें. विसाव्या शतकांत या होडीला शर्यतीचें साधन म्हणून जें रूप आलें, त्यांत इंग्लंडच्या वाइट बेटावरील नौकाकार उफा फॉक्स (१८९८–१९७२) यांचा वाटा मोठा आहे. तोंपर्यंतची होडी पाणी कापीत जाई; वेग वाढला कीं तिनेंच उठविलेली लाट तिला अडवी. फॉक्स यांनीं नाळेजवळचा तळ निमुळता व खोलगट आणि पिछाडीचा तळ सपाट ठेवला. पुरेसा वारा मिळतांच अशी नाव स्वतःच्या लाटेवर चढून पाण्यावरून घसरत चाले. १९२८ सालीं त्यांची 'अव्हेंजर' ५७ शर्यतींत उतरली आणि त्यांपैकीं ५२ शर्यतींत पहिली आली. घसरणाऱ्या नावेला दोन गोष्टी लागतात: तळाचा आकार अचूक हवा आणि वजन कमी हवें. वय झालेली नाव बिघडते ती मुख्यतः याच दोन बाबतींत.

उदाहरणासाठीं फॉक्स यांच्याच आराखड्यावरून झालेली 'फायरफ्लाय', म्हणजे काजवा, ही बारा फुटी नाव घ्यावी. दुसऱ्या महायुद्धांत लांकडाचे पातळ पापुद्रे सरसानें चिकटवून विमानांचे भाग सांच्यावर वळविण्याची कला इंग्लंडांत बरीच पुढें गेली होती. युद्ध संपल्यावर हॅम्बल येथील 'फेअरी मरीन' या कारखान्यानें ती होड्यांना लावली. सांच्यावर पापुद्र्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदतील असे पसरावयाचे, मध्यें कृत्रिम राळेचा सरस द्यावयाचा, वर रबराची पिशवी ओढून आंतली हवा काढून घ्यावयाची आणि सगळा सांचा वाफेच्या मोठ्या दाबपात्रांत ढकलावयाचा, अशी ती रीत. उष्णता व दाब यांच्या योगानें एकसंध, बिनसांध्याचें कवच तयार होई. १९४६ सालीं ह्या नावा निघूं लागल्या. पहिल्या चौघींचीं नांवें इंग्रजी बालकथेंतील राक्षसाच्या आरोळीवरून 'फी', 'फाय', 'फो' आणि 'फम' अशीं ठेवलीं होतीं.

१९४८ सालच्या ऑलिंपिक सामन्यांतील नौकाशर्यती टॉर्की येथें झाल्या, तेव्हां एकट्यानें हांकावयाच्या गटासाठीं फायरफ्लायचीच निवड झाली. पॉल एल्व्हस्ट्रॉम या वीस वर्षांच्या डॅनिश तरुणानें पहिली शर्यत अर्ध्यावर सोडली, आणि तरीहि शेवटीं सुवर्णपदक तोच घेऊन गेला. पुढील तीन ऑलिंपिकांतहि, दुसऱ्या जातीच्या नावेंत, त्यानें तें पदक राखलें. त्याचें नांव पुढें पुन्हां येणार आहे.

त्या पहिल्या पिढीच्या कित्येक लांकडी नावा अद्याप टिकून आहेत. कांहीं पाण्यावर, तर कांहीं कोणाच्या तरी पडवींत ताडपत्रीखालीं. अशी नाव स्वस्त मिळते. परंतु तिच्या दुरुस्तीचा खर्च पुष्कळदां तिच्या विक्रीच्या किंमतीहून अधिक होतो. तेव्हां तो हौसेचा व्यवहार आहे, हें आधींच मान्य केलेलें बरें. मात्र हौसेलाहि हिशेब लागतो, आणि हिशेबाची पहिली बाब म्हणजे लांकूड किती शाबूत आहे ही.

लांकडी नावेचा खरा शत्रु समुद्र नव्हे, तर तिच्यांत साचलेलें पावसाचें पाणी होय. लांकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा हीं दोन्ही लागतात. लांकडांतील ओलावा शेंकडा वीसच्या खालीं राहिला तर ती वाढूं शकत नाहीं. खारें पाणीहि तिला फारसें मानवत नाहीं. म्हणूनच नेहमीं समुद्रावर जाणाऱ्या नावेपेक्षां फाटक्या ताडपत्रीखालीं निजून असलेली नाव लवकर कुजते. तपासणी करणारा जाणकार प्रथम पाणी जेथें साचेल त्या जागा पाहतो: पिछाडीच्या फळीचे खालचे कोपरे, आंतील फळ्यांखालची सांद, आणि नावेच्या मध्यभागीं असलेली एक अरुंद पेटी. या पेटींतून एक पातें पाण्यांत खालीं सोडलेलें असतें. वाऱ्यानें नाव आडवी वाहून जाऊं नये म्हणून त्याची योजना. नाव कलली कीं पात्यावरचा सगळा दाब पेटीच्या बुडावर येतो, आणि म्हणून गळती बहुधा तेथूनच सुरू होते.

मग लहान लांकडी हातोडीनें कवच ठोकून पाहावयाचें. निरोगी लांकूड खणखणीत बोलतें. थर सुटले असतील तेथें आवाज भद्द येतो. शंका आली तर टोच्याचें टोंक हळूच दाबून पाहावें. तें सहज आंत गेलें तर तो भाग गेला असें समजावें. पितळी स्क्रूहि एकदोन काढून पाहावेत. ओलाव्यानें पितळेंतील जस्त निघून जातें, उरलेला धातु गुलाबीसर व ठिसूळ होतो, आणि वरून धड दिसणारा स्क्रू पेंचकसाच्या एका पिळ्यानें तुटतो.

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे वाळवणें. आणि येथेंच पुष्कळांचा धीर सुटतो. नाव उन्हांत टाकली तर वरचा थर आकसून भेगा पडतात. सावलींत, हवा खेळेल अशा जागीं, कित्येक आठवडे ती ठेवावी लागते. ठेवतांना तिच्या पोटाच्या आकाराचे आधार खालीं द्यावयाचे, नाहींतर दुरुस्ती चालूं असतांनाच कवच पिळवटून तळाचा आकार बिघडावयाचा. नीट वाळलेली नाव कांहीं किलो हलकी होते, आणि शर्यतींत या कांहीं किलोंना मोठें मोल आहे.

त्यानंतर कुजका भाग निरोगी लांकूड लागेपर्यंत कापून काढावयाचा आणि तेथें नवा तुकडा बसवावयाचा. जुन्या व नव्या लांकडाच्या कडा सरळ भिडवून चालत नाहींत. दोन्ही कडा रंध्यानें तिरप्या उतरत्या करतात. लांकडाची जाडी एक भाग धरली तर हा उतार साधारण आठ भाग लांब असावा, म्हणजे सरसाला पकडावयास पुरेशी जागा मिळते आणि ताण एका रेघेवर न पडतां पसरतो. सरस म्हणून हल्लीं एपॉक्सी नांवाची कृत्रिम राळ वापरतात. ती दोन द्रव मिसळून घट्ट होते व पाण्याला दाद देत नाहीं. मात्र तिच्या दोन खोडी आहेत. ओल्या लांकडावर ती लावली तर ओलावा आंत कोंडून कुजण्याचें काम गुप्तपणें चालूं राहतें. आणि ऊन तिला सोसत नाहीं, म्हणून वर चांगल्या व्हार्निशचे अनेक हात द्यावेच लागतात. प्रत्येक हातानंतर कांचकागदानें घासावें लागतें, नाहींतर व्हार्निशचेंहि वजन वाढत जातें.

येथपर्यंतचें काम जीर्णोद्धाराचें झालें. नाव पुन्हां शर्यतींत उतरवावयाची तर कांहीं नव्या गोष्टीहि पत्कराव्या लागतात. मूळ शिडें सुती होतीं. भिजलीं कीं तीं ताणत आणि वाळलीं कीं आटत. १९४१ सालीं इंग्लंडांत टेरिलीनचा शोध लागला, आणि पुढच्या दशकांत या धाग्याच्या शिडांनीं सुती शिडांना शर्यतींतून हुसकून लावलें. नावेबाहेर अंग झोंकून तिचा तोल सांवरण्यासाठीं पाय अडकवावयाचे पट्टे आले. त्या कसरतीला शास्त्राची प्रतिष्ठा एल्व्हस्ट्रॉमनें मिळवून दिली. चालत्या नावेंतील पाणी आपोआप खेंचून बाहेर टाकणारी तळाची झडप तर त्याच्याच नांवानें ओळखली जाते. शिडाची आडवी काठी खालीं ओढून धरण्यासाठीं कप्प्यांची माळ आली. आठपट कप्प्यांवर दहा किलोची ओढ दिली तर घर्षण वजा जातां ती ऐंशी किलोंच्या आसपास पोंचते.

आणि खरी अडचण येथेंच आहे. जुना दोर ताणत असे, जुनें शीड सैलावत असे. वाऱ्याचा अचानक आलेला झटका तीं दोघें थोडा गिळून टाकीत. नवा दोर ताणत नाहीं. तो झटका जसाच्या तसा डोलकाठीच्या बुडाशीं, कांठपट्टीशीं आणि कवचाशीं जातो. पायपट्ट्याचा खिळा जुन्या पातळ लांकडांत नुसता पिळून बसविला आणि भर वाऱ्यांत तो उपटला, तर माणूस पाठीवर पाण्यांत पडतो. नाव उलटल्यावर तिला तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशव्यांचेंहि तसेंच. एक लिटर हवा पाण्याखालीं सुमारें एक किलो वर ढकलते. म्हणजे शंभर लिटरच्या पिशवीचे बंद जवळजवळ शंभर किलोंचा ताण सोसतील असे हवेत. नवें साहित्य बसविण्यापूर्वीं त्याचा ताण लांकडांतून कोठें जाणार हें पाहावें. तेथें आंतून आधाराची पट्टी द्यावी, आणि खिळा आरपार घालून तो त्या पट्टीवर आंवळावा. हें न करतां केलेलें आधुनिकीकरण म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्यावर तरुणाचें ओझें होय.

काय बदलावें याला दुसरी मर्यादा नियमांची. फायरफ्लायच्या जातींत सर्व नावा एकाच घाटाच्या असतात. तळाचा आकार कोणी बदलावयाचा नाहीं आणि ठरलेल्या वजनाखालीं कोणी जावयाचें नाहीं. म्हणूनच नीट राखलेल्या जुन्या नावेलाहि नवीबरोबर उतरण्याची आशा असते. याउलट कांहीं जातींत आकाराला बरीच मोकळीक आहे. तेथें नव्या कल्पना लवकर येतात आणि जुन्या नावा लवकर निवृत्त होतात. तेथेंहि नियम मध्यें येत नाहींत असें नाहीं. १९३८ सालीं, पुढें पक्षितज्ज्ञ म्हणून नांवाजलेले पीटर स्कॉट आणि त्यांचे सहकारी जॉन विंटर यांनीं चौदा फुटी नावेंत डोलकाठीच्या तारेला लोंबकळून तोल सांवरण्याची युक्ति योजिली आणि मानाचा चषक जिंकला. लगेच त्या युक्तीवर बंदी आली. आणि कांहीं दशकांनीं तीच सर्वमान्य झाली. तेव्हां नियमाचा अर्थ नव्याला नकार असा नाहीं. कोणतें नवें सर्वांनीं एकदम स्वीकारावयाचें, हें तो ठरवितो.

जुन्या लांकडाचें दुसरें एक मुंबईशीं संबंध असलेलें उदाहरण येथें आठवतें. १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत वाडियांच्या हाताखालीं सागवानी लांकडाचें बांधलेलें 'ट्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज आज इंग्लंडांतील हार्टलपूल येथें, २००१ सालीं जीर्णोद्धार पुरा होऊन, पाहणाऱ्यांसाठीं उभें आहे. तें आतां लढावयाचें नाहीं. म्हणून १८१७ चें रूप राखणें हाच तेथला धर्म. लहान शर्यती नावेचा धर्म निराळा आहे, कारण तिचें मोल तिच्या चालण्यांत आहे.

या धर्माला अनुसरून चांगले कारागीर एक साधी शिस्त पाळतात. तळाचा आकार आणि मूळ कवच यांना शक्य तोंवर हात लावावयाचा नाहीं; जें नवें बसवावयाचें तें उद्यां काढतां येईल असें बसवावयाचें; काढलेल्या जुन्या कड्या, कप्प्या आणि सुकाणूचा दांडा नांवनिशीवार जपून ठेवावयाचा; आणि काय बदललें याची वहींत नोंद करावयाची. दोर, शिडें, कप्प्या ह्या झिजणाऱ्या वस्तु. त्या पूर्वींहि दर कांहीं वर्षांनीं बदलतच होत्या. त्या आजच्या काळाच्या घेतल्या म्हणून नाव बाटत नाहीं. पुढच्या मालकाला हवी तर ती पुन्हां १९४६ ची करतां आली पाहिजे. तोंपर्यंत मात्र तिनें दर हंगामांत पाण्यावर जावें, परत आल्यावर धुऊन कोरडी व्हावी, आणि तिच्या ताडपत्रीखालून वारा खेळता राहावा. लांकडाला एवढीच सेवा पुरते.