ग्लेनलिव्हेटची भट्टी आणि कुलूपबंद पेटी
मंडळी, स्कॉटलंडमधल्या स्पेसाइड भागात ग्लेनलिव्हेटची भट्टी पाहायला गेलो, की आपली नजर आधी तांब्याच्या उंच हंड्यांवर जाते. पण आपण थांबायचं ते पितळ आणि काचेच्या पेटीपाशी. हंड्यातून गळणारी धार या पेटीतून वाहते. कोणती धार पिंपासाठी ठेवायची आणि कोणती पुन्हा गाळायची, हे गाळणारा काचेबाहेरूनच ठरवतो. पेटीला कुलूप असतं! पूर्वी त्याची किल्ली अबकारी अधिकाऱ्याकडे असे, कारण इथल्या प्रत्येक थेंबावर कर.

या कराचीच तर सगळी गोष्ट आहे. तो इतका जबर होता, की या डोंगरांत चोरून गाळणं हाच रिवाज झाला होता. १८२३च्या कायद्यानं कर उतरवला, वर्षाला दहा पौंडांत परवाना दिला. १८२४मध्ये जॉर्ज स्मिथनं तो घेतला. त्यावर शेजारचे चोरटे गाळणारे चिडले, भट्टी जाळायच्या धमक्या देऊ लागले. स्मिथ दोन पिस्तुलं जवळ बाळगून वावरायचा. म्हणजे बघा, त्या खोऱ्यात कायदा पाळायलाच छाती लागत होती.